रक्ताचा पारखी : डॉ. कार्ल लँडस्टायनर

गतवर्षीं पावसाळ्याच्या दिवसांत आमच्या नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी तीन दिवस गैरहजर राहिला. चौथ्या दिवशीं तो शाळेंत आला तेव्हां त्याची मुद्रा उतरलेली होती. हा मुलगा गिरगांवांतील खोताच्या वाडींत राहणारा. पूर्वीं पाठारे प्रभु ज्ञातींतील खोतांनीं ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांस तेथें जागा दिल्या, आणि लांकडी जिन्यांचीं, सज्जांचीं व कौलारू छपरांचीं घरें उभीं राहिलीं. त्यांपैकीं कांहीं घरें आजही अरुंद गल्लींत खांद्यास खांदा लावून उभीं आहेत. अशा वाडींत एका घरचें संकट तें सर्वांचें संकट होतें. त्या मुलाच्या आईवर मोठी शस्त्रक्रिया व्हावयाची होती व तिला रक्ताची गरज होती. थोरला मुलगा हें ऐकतांच रुग्णालयांत धांवला आणि त्यानें बाही वर केली. परंतु तपासणीनंतर त्यास सांगण्यांत आलें कीं, त्याचें रक्त आईच्या उपयोगी नाहीं; वडिलांचेंही नाहीं. अखेरीस रक्तपेढींतून जी पिशवी आली ती कोणा अनोळखी माणसानें दिलेल्या रक्ताची होती, आणि त्याच रक्तानें ती माउली वांचली.

आई सुखरूप घरीं आली, परंतु धाकट्या मुलाच्या मनांतील कांटा निघाला नाहीं. शास्त्राच्या तासाला त्यानें आम्हांस विचारिलें कीं, ज्या आईच्या उदरांत आपण वाढलों तिलाच आपलें रक्त परकें कसें, आणि परक्याचें रक्त तिचें कसें? वर्ग स्तब्ध झाला. घंटा होईपर्यंत आम्हीं सुचलें तें उत्तर दिलें. पण तेवढ्यानें आमचेंच समाधान झालें नाहीं. त्या प्रश्नाचें पुरें उत्तर द्यावयाचें तर एका थोर पुरुषाचें चरित्र सांगितलें पाहिजे. तें आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस येथें सादर करीत आहों.

कार्ल लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजीं ऑस्ट्रिया देशांतील एका यहूदी कुटुंबांत झाला. त्यांचे वडील लिओपोल्ड हे वृत्तपत्रकार होते. कार्ल अवघे सहा वर्षांचे असतां वडिलांचें छत्र हरपलें, आणि त्यांची आई फॅनी हिनें या एकुलत्या मुलास वाढविलें. माय-लेकरांचें प्रेम असाधारण होतें. १८९० सालीं दोघांनीं ख्रिस्ती धर्माचा स्वीकार करून रोमन कॅथलिक मंडळींत प्रवेश केला. पुढें आई निवर्तल्यावर तिच्या मुखाचा जो ठसा घेण्यांत आला होता, तो लँडस्टायनर यांनीं आपल्या खोलीच्या भिंतीवर जन्मभर टांगून ठेविला. ज्याच्या शोधामुळें पुढें लक्षावधि माता वांचल्या, त्याच्या अंतःकरणांत आईचें स्थान कोणतें होतें हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

व्हिएन्ना येथें वैद्यकाचा अभ्यास करून १८९१ सालीं त्यांनीं पदवी मिळविली. दुसरा एखादा तरुण असता तर त्यानें दवाखाना थाटला असता. पण लँडस्टायनर यांस असें वाटूं लागलें होतें कीं, रोगाचें मूळ शरीरांतील पदार्थांत आहे आणि पदार्थांची भाषा रसायनशास्त्रच जाणतें. म्हणून डॉक्टर झाल्यावर ते पुन्हां विद्यार्थी झाले. जर्मनी व स्वित्झर्लंड येथें निरनिराळ्या गुरूंच्या प्रयोगशाळांत त्यांनीं रसायनशास्त्राचे धडे घेतले. त्यांतील एक गुरु एमिल फिशर हे शर्करांच्या रचनेचे मोठे जाणकार होते. कुलुपास जशी एकच किल्ली बसते तसे शरीरांतील कांहीं पदार्थ एकमेकांत नेमके बसतात, ही प्रसिद्ध कल्पना फिशर यांनींच १८९४ सालीं मांडली. शिष्याचें पुढील सारें आयुष्य जणूं या कुलुपाकिल्लीच्या शोधांतच गेलें.

व्हिएन्नास परतल्यावर कांहीं काळानें ते विकृतिशास्त्राच्या संस्थेंत काम करूं लागले. तेथें सुमारें दहा वर्षांत त्यांनीं साडेतीन हजारांहून अधिक शवांची चिकित्सा केली. दिवसभर हें कष्टाचें काम करून उरलेल्या वेळांत ते आपले प्रयोग करीत.

त्या काळीं एका मनुष्याचें रक्त दुसऱ्यास देणें हा जुगारच होता. कोणी रोगी त्यानें उठून बसे. कोणी थंडीतापानें थडथड कांपून, लघवी काळी होऊन प्राण सोडी. असें कां व्हावें हें कोणास कळत नव्हतें. रोग्याच्या आजारामुळेंच रक्त गोठत असावें, असें पुष्कळांस वाटे. लँडस्टायनर यांनीं आजाऱ्यांस बाजूस ठेवून निरोगी माणसें निवडलीं, आणि तीं बहुतेक आपल्या प्रयोगशाळेंतील सहकारी. स्वतःचें रक्तही त्यांनीं घेतलें. रक्त थोडा वेळ ठेवलें असतां त्याची गुठळी होते व वर पिंवळसर पाणी सुटतें. त्या पाण्यास आपण रक्तरस म्हणूं. प्रत्येकाचा रक्तरस प्रत्येकाच्या तांबड्या पेशींत त्यांनीं क्रमाक्रमानें मिसळून पाहिला. कांहीं मिश्रणें जशींच्या तशीं राहिलीं. कांहींत तांबड्या पेशी एकमेकींस चिकटून त्यांचे दाणे झाले, दूध नासल्यावर व्हावे तसे. बावीस माणसांच्या रक्तांवरून हा खेळ नियमबद्ध आहे असें त्यांस दिसून आलें.

१९०१ सालीं त्यांनीं तो नियम प्रसिद्ध केला. कांहींच्या तांबड्या पेशींवर एक खूण असते, तिला 'ए' म्हणावें. कांहींच्या पेशींवर दुसरी, तिला 'बी' म्हणावें. कांहींच्या पेशींवर दोहोंपैकीं एकही नसते. हा तिसरा वर्ग पुढें 'ओ' या नांवानें रूढ झाला, आणि खुद्द लँडस्टायनर यांचें रक्त त्याच वर्गाचें होतें. दोन्ही खुणा असलेला चौथा वर्ग पुढच्याच वर्षीं त्यांच्या दोन सहकाऱ्यांस सांपडला. आतां नियमाचा गाभा असा कीं, जी खूण आपल्या पेशींवर नाहीं, तिच्या विरुद्ध कार्य करणारा पदार्थ आपल्या रक्तरसांत असतो. या पदार्थास प्रतिपिंड म्हणतात. ओ वर्गाच्या माणसाजवळ ए व बी या दोहोंविरुद्ध प्रतिपिंडें असतात. म्हणून त्यास केवळ ओ रक्तच चालतें.

इतका मोठा शोध, पण जगानें त्याकडे कित्येक वर्षें लक्ष दिलें नाहीं. न्यूयॉर्क येथें रूबेन ऑटनबर्ग यांनीं १९०७ सालापासून रक्त देण्यापूर्वीं तें जुळवून पाहण्यास प्रारंभ केला. पुढें पहिल्या महायुद्धांत, रक्त न गोठतां टिकवितां येऊं लागल्यावर, या नियमाचें मोल सर्वांस पटलें. लँडस्टायनर मात्र तोंवर दुसऱ्या कामांत गढून गेले होते. १९०८ सालीं बालपक्षाघातानें मरण पावलेल्या एका मुलाच्या मज्जारज्जूचा अंश माकडांस टोंचून त्यांनीं तो रोग माकडांत उत्पन्न केला, आणि तो जंतूंहूनही सूक्ष्म अशा विषाणूपासून होतो हें दाखवून दिलें. पोलिओची लस त्यानंतर सुमारें पांच दशकांनीं तयार झाली. पण तिच्या पायाचा हा एक दगड होय.

आतां आम्ही त्यांच्या ज्या कामाकडे वळत आहों, तें त्यांस स्वतःस सर्वांत प्रिय होतें, आणि तेंच लोकांस सर्वांत कमी ठाऊक आहे. प्रतिपिंड आपलें लक्ष्य ओळखतें तरी कसें, व त्यास धरतें तें कोणत्या बळानें, हा त्यांचा प्रश्न होता. रक्तपेशी किंवा जंतु म्हणजे हजारों प्रकारच्या पदार्थांचा बाजार. त्यांतील नेमक्या कोणत्या वस्तूस प्रतिपिंडानें धरलें हें कसें समजावें? लँडस्टायनर यांनीं युक्ति योजिली. ज्याची रचना रसायनशास्त्रज्ञास अणु-अणूनें ठाऊक आहे असा एखादा लहानसा रेणु घ्यावयाचा आणि तो घोड्याच्या रक्तांतील प्रथिनास जोडून सशास टोंचावयाचा. एकटा लहान रेणु टोंचला तर सशाचें शरीर त्याची दखल घेत नाहीं. परंतु मोठ्या प्रथिनाच्या पाठीवर बसून तो आला कीं त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडें तयार होतात. अशा लहान रेणूस त्यांनीं १९२१ सालीं हॅप्टेन असें नांव दिलें. नंतर तोच लहान रेणु कोंबडीच्या प्रथिनास जोडून सशाच्या रक्तरसांत घालावयाचा. घोड्याचें प्रथिन आतां तेथें नाहींच; तेव्हां सांका खालीं बसला तर प्रतिपिंडानें त्या लहान रेणूसच ओळखलें असें सिद्ध होतें.

या रीतीनें काय दिसून आलें तें पाहा. सहा कोनांच्या कड्यावर आम्लाचा एक गट शेजारच्या कोनास लावला, एक कोन सोडून लावला किंवा समोरच्या कोनास लावला, तर तिन्ही पदार्थांत अणु तेच व तितकेच असतात. फरक केवळ जागेचा. तरीसुद्धां प्रतिपिंड एकास दुसऱ्यापासून वेगळा ओळखतें. चिंचेच्या आंबटपणांत जें टार्टरिक आम्ल असतें, त्याचीं दोन रूपें उजव्या व डाव्या वहाणेसारखीं एकमेकांचीं प्रतिबिंबें आहेत. ससा ज्या रूपाशीं परिचित झाला त्याचीच प्रतिपिंडें त्यास जोरानें धरतात. दुसऱ्या पायाची वहाण त्यांस तितकी बसत नाहीं.

हें धरणें किती घट्ट, हेंही लँडस्टायनर यांनीं चतुराईनें अजमावलें. प्रतिपिंडास दोन हात असतात असें आतां आपणांस ठाऊक आहे. पुष्कळ खुणा असलेलें प्रथिन भेटलें कीं हातांत हात गुंतून जाळें होतें व तें तळाशीं बसतें. पण आधींच सुटे लहान रेणु विपुल घातले तर ते हात अडवून ठेवतात आणि जाळें विणलें जात नाहीं. जो सुटा पदार्थ अगदीं थोडा घातला असतांही जाळें थांबतें, त्यावर प्रतिपिंडाची पकड घट्ट. ज्याचा भरपूर पुरवठा करावा लागतो, त्यावर ती सैल. ही साधी परीक्षा पुढें शास्त्राच्या हातांतील कसोटीचा दगड ठरली.

ही पकड म्हणजे डिंकानें चिकटणें नव्हे. मधल्या सुटींत आमच्या पटांगणांत मुलें एकमेकांचे हात धरतात व सोडतात. कोणत्याही क्षणीं पाहिलें तर कांहीं जोड्या जमलेल्या, कांहीं मुलें मोकळीं. धरण्याची ओढ जितकी अधिक तितक्या जमलेल्या जोड्या अधिक. रेणूंचेंही असेंच आहे. म्हणून बळ मोजावयाचें तर जोडलेले किती व मोकळे किती हें मोजलें म्हणजे झालें. यासाठीं एक सुबक योजना आहे. ज्याच्या छिद्रांतून लहान रेणु जाऊं शकतो पण मोठें प्रतिपिंड जाऊं शकत नाहीं, अशा पातळ पडद्याची पिशवी घेतात. आंत प्रतिपिंड ठेवतात आणि बाहेरच्या पाण्यांत लहान रेणु सोडतात. लहान रेणु आंतबाहेर फिरून स्थिर झाले कीं मोकळ्यांचें प्रमाण दोन्हीकडे सारखें होतें. आंत त्याहून जितके अधिक भरतील तितके प्रतिपिंडाच्या हातीं लागलेले. १९४९ सालीं अमेरिकेंत हर्मन आयसेन व फ्रेड करूश या दोघांनीं याच रीतीनें प्रतिपिंडाच्या पकडीचें माप काढलें आणि प्रत्येक प्रतिपिंडास धरण्याच्या जागा दोन असल्याचें दाखविलें. आज हींच मापें घेण्यास उष्णता व प्रकाश यांवर चालणारीं सूक्ष्म यंत्रें आहेत. परंतु प्रश्न तोच जुना आहे.

पकडीचें बळ येतें कोठून, याचा विचार करण्यास लँडस्टायनर यांस एक जोडीदार लाभला. १९३६ सालीं न्यूयॉर्क येथें त्यांनीं लायनस पॉलिंग या तरुण रसायनशास्त्रज्ञास गांठून आपले प्रयोग त्याच्यापुढें ठेविले. विरुद्ध विद्युद्भारांचें आकर्षण, हायड्रोजनच्या अणूमार्फत जुळणारे नाजूक बंध, अगदीं जवळ आल्यावर अणूंमध्यें उत्पन्न होणारी ओढ, असे कित्येक दुबळे धागे एकत्र येतात. एकेक धागा सहज तुटणारा. पण दोन्ही आकार एकमेकांत नीट बसले तरच ते सारे एकाच वेळीं लागूं पडतात, आणि थेंबे थेंबे तळें सांचावें तसें बळ सांचतें. आकारांत थोडें न्यून राहिलें कीं पकड ढिली. प्रतिपिंड शरीरांत कसें घडतें याविषयींची पॉलिंग यांची कल्पना पुढें चुकीची ठरली. पण पकडीच्या बळांचें हें विवेचन टिकून राहिलें.

या अवधींत लँडस्टायनर यांनीं दोनदां देश बदलला होता. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नांत अन्नाचें व सरपणाचें दुर्भिक्ष पडलें. १९१६ सालीं त्यांचा विवाह झाला होता व पदरीं लहान मुलगा होता. म्हणून १९१९ सालीं ते हॉलंडांत हेग येथील एका कॅथलिक रुग्णालयांत गेले. ज्याच्या नांवानें एक नियम जगाच्या शास्त्रांत नोंदला गेला होता, तो तेथें रोग्यांच्या लघवीची व रक्ताची नित्याची तपासणी करीत असे. त्यांतूनच वेळ काढून त्यांनीं हॅप्टेनांवर बारा निबंध प्रसिद्ध केले. पुढें न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेनें त्यांस बोलाविलें आणि तेथेंच त्यांचें उरलेलें आयुष्य गेलें. १९३० सालीं मानवी रक्तवर्गांच्या शोधाबद्दल त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें, म्हणजे शोधानंतर एकोणतीस वर्षांनीं. मान मिळाला तरी माणूस बदलला नाहीं. स्वभाव लाजाळू, गंभीर, स्वतःच्याच कामांत उणें शोधणारा. प्रसिद्धीचा त्यांस तिटकारा असे.

१९३९ सालीं ते निवृत्त झाले, परंतु प्रयोगशाळा सुटली नाहीं. दुसऱ्याच वर्षीं अलेक्झांडर वीनर यांच्यासह त्यांनीं ऱ्हीसस माकडाच्या रक्ताच्या साहाय्यानें मानवी पेशींवरील आणखी एक खूण शोधून काढली. तीच 'आरएच' होय. ज्या मातेच्या रक्तांत ही खूण नाहीं व पोटांतील मुलाच्या रक्तांत आहे, तिच्या शरीरांत कधीं कधीं मुलाच्या रक्तपेशींचा नाश करणारीं प्रतिपिंडें उत्पन्न होतात, आणि पाठोपाठचीं मुलें दगावतात. कित्येक घरांतील हें दुःख पूर्वीं नशिबाच्या माथीं मारलें जाई. त्याचें कारण कळलें, आणि १९६८ सालापासून त्यावर प्रतिबंधक टोंचणी मिळूं लागली. २४ जून १९४३ रोजीं, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षीं, हातांत कांचेची नळी असतांनाच लँडस्टायनर यांच्या हृदयास झटका आला व दोन दिवसांनीं त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या ग्रंथाची सुधारलेली आवृत्ति १९४५ सालीं निघाली. तींत पकडीच्या बळांविषयींचें प्रकरण पॉलिंग यांनीं लिहिलें होतें.

या कथेचा पुढील भाग आमच्या मुंबईंतच घडला. परळ येथील सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांस अशीं कांहीं माणसें आढळलीं कीं ज्यांचें रक्त चार वर्गांपैकीं कोणत्याच वर्गांत बसेना. वरवर तें ओ दिसे. पण त्यांचा रक्तरस ओ वर्गाच्या पेशींचेही दाणे करी. इंग्लंडांतील तज्ज्ञांच्या साहाय्यानें याचा छडा लागला आणि १९५२ सालीं तो वृत्तांत 'लॅन्सेट' या पत्रांत प्रसिद्ध झाला. या रक्तास जगभर बॉम्बे रक्तवर्ग असें म्हणतात. त्या वृत्तांताच्या लेखकांपैकीं मॉर्गन व वॉटकिन्स या दोघांनीं त्याच वर्षीं लँडस्टायनर यांचीच जुनी युक्ति वापरली. ओ वर्गाच्या पेशींचे दाणे करणाऱ्या वाम माशाच्या रक्तरसांत त्यांनीं निरनिराळ्या साध्या शर्करा घालून पाहिल्या. फ्यूकोज नांवाच्या शर्करेनें तेवढी क्रिया थांबली. म्हणजे ओ पेशीवरील ती खूण फ्यूकोजची. तिच्यावर आणखी एक शर्करा चढली कीं ए. दुसरी चढली कीं बी. बॉम्बे वर्गाच्या माणसांत मुळांत हें फ्यूकोजच लागत नाहीं, म्हणून पुढचें कांहींच चढत नाहीं. फिशर यांच्या शिष्यानें उभे केलेल्या प्रश्नाचें उत्तर अखेर शर्करेंतच निघालें! मुंबईंत सुमारें दहा हजारांत एक मनुष्य या वर्गाचा असतो, व त्यास आपल्याच वर्गाचें रक्त लागतें. असा मनुष्य संकटांत पडला कीं त्याचा बांधव कोणत्या जातीचा, कोणत्या प्रांताचा, कोणत्या धर्माचा आहे हें विचारावयास कोणासही सवड नसते.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. त्याची आई ओ वर्गाची. थोरल्या भावास पित्याकडून ए ही खूण मिळालेली. आईच्या उदरांत असतांनाही मुलाचें रक्त मूल स्वतःच तयार करतें. वारेच्या पडद्यानें दोघांचीं रक्तें सामान्यतः वेगळीं राहतात. त्या भावाच्या पेशींवर एक शर्करा अधिक आहे, आणि आईच्या रक्तांतील प्रतिपिंडें ती घट्ट धरतात. आड आली ती इतकीच गोष्ट, एका शर्करेची. मुलाच्या प्रेमांत उणें नव्हतें, आणि आईनेंही त्यास परकें केलें नव्हतें. ज्यानें जन्मभर आईची आठवण भिंतीवर जपली, त्यानेंच हा नियम आपणांस शिकविला. तेव्हां या नियमांत मातृप्रेमाचा अवमान आहे असें कोणीही मानूं नये.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग शास्त्राच्या पुस्तकांत नाहीं. यरीहोच्या वाटेवर जखमी होऊन पडलेल्या मनुष्यास त्याच्या आप्तांनीं नव्हे, तर एका परक्या शोमरोन्यानें उचललें, ही प्रभूनें सांगितलेली गोष्ट आमचे विद्यार्थी लहानपणापासून ऐकत आले आहेत. खोताच्या वाडींतील त्या घरांत ती गोष्ट आतां कोणास समजावून सांगावी लागणार नाहीं. ज्यानें ती पिशवी दिली त्याचें नांव त्या घरास कधींच कळणार नाहीं. तो लालबागचा असेल, दादरचा असेल, कोठलाही असेल. आमच्या त्या विद्यार्थ्यानें मात्र अठरा वर्षें पुरीं झाल्यावर रक्त देण्याचा निश्चय केला आहे. तें आपल्या आईस चालणार नसलें तर कोणाच्या तरी आईस चालेल, इतका हिशेब त्यास आतां उमगला आहे.